रूम एकच बुक केलीये, म्हणजे ‘हो’ म्हटलं का?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. वय २३, कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅट शेअर करते, नोकरी चालू आहे, आठ महिन्यांपासून एका मुलाला डेट करतेय आणि घरात हे फक्त मला माहितीये. आधी दहा मिनिटं डब्यातल्या भाजीला शिव्या घातल्या, मग एकदम म्हणाली, “ताई, एक विचारू? हसायचं नाही हं.” तर प्रकार असा की दोघं वीकेंडला नागावला चाललेत, त्याने रूम एकच बुक केलीये आणि हिने त्यावर नुसतं ‘ओके’ पाठवून दिलंय. “मग मी गेले म्हणजे हो म्हटलं असं होतं का? आणि मला हवंय का नकोय तेच कळत नाहीये गं. कधी वाटतं हो, कधी वाटतं पळून जावं. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?”

प्रॉब्लेम काही नाही हे मी लगेच सांगितलं, पण का नाही ते नीट सांगायला मला पुढचे चार दिवस लागले, कारण मी ना डॉक्टर ना वकील, आणि आमच्या वेळी हा प्रश्न विचारायला समोर कोणी ताईबिई नव्हती. त्यात १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता हा नवीन फौजदारी कायदा आल्यापासून ‘ब्रेकअप केलं तर दहा वर्षं आत’ असले फॉरवर्ड मुलांच्या ग्रुपवर फिरतायत, म्हणजे मुली एका कारणाने गोंधळलेल्या आणि मुलं दुसऱ्याच. म्हणून तिला जे सांगितलं ते थोडं व्यवस्थित लिहून काढतेय. हे सगळं दोघंही १८ पूर्ण असलेल्यांबद्दल आहे. १८ च्या आतल्या व्यक्तीची संमती कायदा धरतच नाही, तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, त्यामुळे तो विषय इथे नाहीच.

एका प्रश्नात तीन प्रश्न

‘मला हवंय का?’ हा एक प्रश्न वाटतो पण त्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. उत्तेजना, इच्छा आणि संमती.

समजा आषाढी एकादशी आहे, तुमचा उपास आहे आणि बाहेर पाऊस पडतोय आणि शेजारच्यांकडे कांदाभजी तळतायत. वास आला की तोंडाला पाणी सुटतं. ते तुम्ही ठरवून सोडलेलं नसतं, जीभ आपली तिचं काम करते. ही झाली उत्तेजना, म्हणजे शरीराने आपोआप दिलेला रिस्पॉन्स. मग मनात येतं, आत्ता एक भजं मिळालं तर काय बहार येईल. ही इच्छा. आणि शेजारच्या काकू प्लेट घेऊन आल्या तर हात पुढे करायचा की ‘काकू आज उपास आहे’ म्हणायचं, हा निर्णय म्हणजे संमती.

या तिन्ही गोष्टी दरवेळी एका रांगेत चालत नाहीत. शरीर रिस्पॉन्स देतं आणि मन म्हणतं आज नको. मन हो म्हणतं आणि शरीर ढिम्म. आणि दोन्ही हो म्हणत असतात तरी माणूस ठरवतो की नाही, अजून नाही, कारण नात्याचा भरवसा नाही, किंवा परवा परीक्षा आहे, किंवा नुसतंच नाही. बहिणीचं तेच झालं होतं. त्याच्याजवळ बसल्यावर अंगातून जे सरसरून जातं त्याला ती ‘हो’ समजत होती आणि मग पोटात गोळा आला की वाटायचं आपण खोटारड्या आहोत. अगं, दोन्ही खरं असू शकतं की!

अजून एक गोष्ट. सगळ्यांना इच्छा आधी होते आणि मग जवळीक असं नसतं. रोझमेरी बॅसन नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरांनी साधारण २००० साली मांडलं की बऱ्याच जणींची इच्छा आधी नसते, जवळीक सुरू झाल्यावर, सुरक्षित आणि छान वाटल्यावर मागून येते. म्हणजे सिनेमासारखं दिवसभर कोणी पेटलेलं नसेल तर त्यात काही बिघाड नाही. पण याचा अर्थ ‘सुरू करू, मग तिला आवडेलच’ असा कोणी काढत असेल तर तो सरळ चुकीचा आहे. मागून येणारी इच्छा तिथेच येते जिथे सुरुवात स्वखुशीने झालेली असते आणि मध्येच थांबायची मुभा खरोखरची असते.

स्कूटी पुढे का जात नाही

अमेरिकेतल्या किन्सी इन्स्टिट्यूटमधल्या जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन या दोघांनी एक मॉडेल मांडलंय, त्याचं जड नाव राहू दे, मुद्दा स्कूटीचा आहे. आपल्या डोक्यात ॲक्सिलरेटर पण असतो आणि ब्रेक पण, आणि दोन्ही एकाच वेळी दाबलेले असू शकतात. कोणाचा ब्रेक मुळातच कडक असतो, कोणाचा ढिला. कात्रजच्या घाटात ब्रेक धरून तुम्ही कितीही रेस करा, आवाज होईल, वास येईल, गाडी जागची हलणार नाही.

आता आपल्याकडचे ब्रेक मोजा. लॉजच्या काउंटरवरचा माणूस आधार कार्डाकडे बघून मग तिच्याकडे बघतो ती नजर. आईचा रात्री नऊचा फोन. पाळी दोन दिवस पुढे गेली तर काय. आपलं पोट दिसेल. त्याच्या मित्रांना हा सांगेल का. पहिल्यांदा फार दुखतं म्हणे. हा लग्न करणारे का, का हे सिच्युएशनशिपच राहणारे, म्हणजे नातं आहे पण त्याला नाव द्यायला कोणी तयार नाही असलं काहीतरी. आणि काही जणांच्या बाबतीत जुना वाईट अनुभव, ज्याबद्दल कोणालाच सांगितलेलं नाही.

आपण करतो काय, तर ॲक्सिलरेटर अजून पिळतो. कॅन्डल लावा, वाईन आणा, महागडी रूम घ्या. त्याऐवजी ब्रेक कुठले आहेत ते एकदा कागदावर लिहून बघावं. बहिणीला मी हेच करायला लावलं आणि तिने मला यादीचा फोटो पाठवला. सात ओळी होत्या. त्यातल्या तीन माहितीने सुटण्यासारख्या होत्या, दोन त्याच्याशी बोलून. एक ओळ होती ‘आई’, तिच्यापुढे काहीच नव्हतं. आणि शेवटची होती ‘माहीत नाही, फक्त आत्ता नको वाटतं’, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिला कारण जोडायची गरजच नाही.

आपल्याला ‘नको’ ऐकायची सवयच नाही

हे माझं स्वतःचं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. आपण लहानपणापासून पंगतीत काय शिकलो? वाढपी जिलबी घेऊन येतो, आपण म्हणतो नको नको, तो म्हणतो एक तरी, आपण पानावर हात आडवा धरतो, तो बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो आणि सगळे हसतात. पहिल्या आग्रहाला ‘हो’ म्हटलं तर अधाशी दिसतो, म्हणून हवं असलं तरी आधी नको म्हणायचं, आणि यजमानाने पहिल्या ‘नको’वर थांबलं तर तो कंजूष. म्हणजे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक की ‘नको’ हा फक्त पहिला भाव आहे, पुढे घासाघीस व्हायची आहे.

जिलबीपुरतं ठीक आहे. पण हीच सवय घेऊन आपण प्रेमात पडतो. मुलीला वाटतं लगेच हो म्हटलं तर हा आपल्याला ‘तसली’ समजेल, मुलाला वाटतं नाही म्हणते म्हणजे लाजतेय, थोडा आग्रह हवाय. बाकी राहिलेलं सिनेमे करतात. आणि मग जी मनापासून नाही म्हणतेय तिचं नाही पण आग्रहाच्या खात्यात जमा होतं, आणि जिला खरंच हवंय तिला हो म्हणायची सोय राहत नाही.

वर एक तिसरा प्रकार आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, तो म्हणजे थिजणं. भीती वाटली की माणूस लढतो किंवा पळतो हे आपण शाळेत शिकलो, पण बरेच जण जागच्या जागी गोठतात. आवाज फुटत नाही, हात हलत नाही, डोकं जणू दुसरीकडेच. हे मुलींनाही होतं, मुलांनाही. तेव्हा ‘ती काहीच बोलली नाही’ यावरून काहीही कळत नाही. समोरचं माणूस गप्प झालं, अंग कडक झालं, नजर छताला लागली, तर थांबून विचारायचं. एवढं साधं आहे ते.

कायदा काय म्हणतो

भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमतीची व्याख्या आहे, जी मूळ २०१३ मध्ये, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जुन्या कायद्यात आली आणि नवीनमध्ये तशीच राहिली. सोप्या मराठीत: स्पष्ट, स्वखुशीने दिलेला होकार, शब्दांनी किंवा खुणेने किंवा हावभावाने, आणि तो त्या विशिष्ट कृतीसाठी. शेवटचे शब्द परत वाचा. किस करायला हो म्हणजे फक्त किसला हो. नागावला यायला हो म्हणजे नागावला यायला हो. शिवाय कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. नशेत माणूस काय चाललंय ते कळण्याच्या पलीकडे गेला असेल तर त्या होकाराला अर्थ नाही. बहिणीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं.

आता ते घाबरवणारं कलम ६९. खोटं वचन देऊन, म्हणजे लग्नाचं आश्वासन पाळायचा इरादा मुळातच नसताना ते देऊन, किंवा नोकरी-प्रमोशनची लालूच दाखवून, किंवा ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यात कळीचा शब्द इरादा. महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ साली फरक करून दिलाय: वचन देतानाच ते खोटं होतं का, आणि त्या वचनामुळेच तिने होकार दिला का. मनापासून दिलेलं वचन पुढे घरच्यांमुळे किंवा भांडणामुळे मोडलं तर ते मोडलेलं वचन, खोटं वचन नव्हे. म्हणजे ब्रेकअप हा गुन्हा नाही. तक्रार झाली तर कोर्टाच्या खेपा नशिबी येऊ शकतात हे मात्र खरंय, ते मी नाकारत नाही. पण त्यावरचा उपाय काय, तर लग्नाचा ल सुद्धा मनात नसेल तर ‘बघू गं पुढे, करूच की’ असं गुळमुळीत बोलून वेळ मारून न्यायची नाही. ते कायद्यासाठी नाही, तसंही बोलू नये.

आणि लॉजवर जाणं? लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका रूममध्ये राहायला बंदी करणारा कायदा नाही, मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. लग्नाआधीचे संबंध हा गुन्हा नाही हेही सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. तरी २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्साच्या हॉटेलांमधून जोडप्यांना पोलिसांनी उचललंच होतं, ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ म्हणून, बंद खोली सार्वजनिक कशी ते कोणी विचारू नये. हॉटेलवाला त्याच्या पॉलिसीने नाही म्हणू शकतो, त्यामुळे आधी फोन करून विचारावं आणि दोघांनी आपापलं खरं ओळखपत्र न्यावं.

एक मोठी फट पण सांगते. कलम ६३ फक्त बाईच्या संमतीबद्दल बोलतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी सज्ञानांचे स्वखुशीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, छान झालं, पण नवीन संहितेत जुन्या कायद्यातलं ते कलम ३७७ पूर्णच गेलं, आणि सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर लागायचं तेही हेच कलम. संमतीचा नियम मात्र मुलगा-मुलगा असो की मुलगी-मुलगी, तोच.

‘असं विचारत बसलं तर मूड जाईल ना’

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो. लोकांना वाटतं विचारायचं म्हणजे स्टॅम्प पेपर काढायचा. खरं तर अर्ध्याहून जास्त बोलणं कपडे अंगावर असताना, चहा पिताना, गाडीत होऊ शकतं आणि तिथेच झालेलं बरं, कारण त्या क्षणी डोकं कमी चालतं. ‘मला तुझ्याजवळ राहायचंय पण पुढे कुठपर्यंत ते माहीत नाही, चालेल?’ हे एक वाक्य आहे, फॉर्म नाही. आणि त्या क्षणी ‘हे आवडतंय?’ ‘थांबू?’ एवढं पुरतं. मध्येच ‘आता नको’ म्हटलं तर तेही चालतं, आधी हो म्हटलं होतं हा मुद्दा काढायचा नसतो.

बहिणीने काय केलं सांगते. वडखळला ट्रॅफिकमध्ये गाडी अर्धा तास अडकली होती, खिडकीबाहेर पोह्याचे पापड विकायला बाया, आणि हिने समोरच्या ट्रककडे बघत एका दमात सांगून टाकलं की रूम एक आहे म्हणून तू काही समजू नकोस, मला अजून नक्की नाही. तो बराच वेळ गप्प. हिला वाटलं झालं, आता हा गाडी वळवतोय. मग म्हणाला, “मी तीन रात्री झोपलो नाहीये यार, मला वाटलं तुला अपेक्षा असेल आणि माझ्याकडून काही झालंच नाही तर?”

मुलांच्या टेन्शनबद्दल कोणी विचारत नाही

मुलाला कायम हवंच असतं, तो कायम तयारच असतो, हे गृहीत धरलेलं. त्यामुळे ‘मला पण अजून नको’ हे वाक्य मुलाच्या तोंडून निघतच नाही, मित्र फाडून खातील. शिक्षण कुठून झालेलं असतं, तर पॉर्नमधून, म्हणजे धूमचा पाठलाग बघून ड्रायव्हिंग शिकल्यासारखं. त्यात वीर्य गेलं की ताकद गेली ही जुनी भीती, जिच्यामुळे माणसं खरोखर थकतात, झुरतात. डॉक्टर नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये त्याला धात सिंड्रोम असं नावच दिलं. वीर्य जाण्याने अशक्तपणा येत नाही, भीतीने येतो.

आणि टेन्शनमध्ये ताठरता न येणं हे अगदी कॉमन आहे. शरीर धोक्याच्या मोडमध्ये गेलं की रक्त हातापायांकडे जातं. त्यात आपणच बाजूला उभं राहून स्वतःची परीक्षा घेत बसलो, होतंय का, जमतंय का, की मग नक्कीच जमत नाही. एकदोनदा झालं तर मेडिकलमधून निळ्या गोळ्या आणायच्या नाहीत, विषय हसून सोडायचा. नेहमीच होत असेल तर डॉक्टर. भिंतीवरच्या ‘गुप्तरोग तज्ज्ञ’वाल्या तंबूत जाऊ नका एवढंच.

‘ही आपली संस्कृती नाही’

कर्वेनगर हे नाव ज्या धोंडो केशव कर्व्यांवरून पडलं त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, मतांपायी नोकरी गेली, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते १९५३ मध्ये जाईपर्यंत. वाचकांचे लैंगिक प्रश्न ते छापायचे आणि मराठीत सरळ उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने कोण उभं होतं, तर बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, ती गोष्ट वेगळी. तर संस्कृती कोणाची म्हणायची? आणि ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाल्यावर बरोबर ८० वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्राने शाळेतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी घातली. आज २३-२४ वर्षांची असलेली पोरं तेव्हा अगदी लहान होती. त्यांना काही माहीत नाही म्हणून आपण नाकं मुरडायची हे जरा जास्तच होतं.

समजा ठरलंच

मग तिच्या यादीतल्या माहितीने सुटणाऱ्या तीन ओळी. पहिल्यांदा रक्त येतंच असं नाही, बऱ्याच जणींना येत नाही, आणि त्यावरून आधी काही झालं होतं का हे कोणालाच, डॉक्टरलाही, सांगता येत नाही. खूप दुखत असेल तर थांबायचं, बहुतेक वेळा घाई आणि कोरडेपणा हे कारण असतं, आणि स्नायू आपोआप आवळून आत काहीच जात नसेल तर त्यावर उपचार आहेत, ती हट्ट करत नसते.

कंडोम पाकिटात महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, उष्णतेने खराब होतो, तारीख बघायची, एकावर एक दोन घालायचे नाहीत. आणि खोबरेल तेल, आपल्या घरात सगळ्या दुखण्यांवर जे लावतात ते, लेटेक्सच्या कंडोमला चालत नाही, तो कमजोर होऊन फाटतो. पाण्याचा बेस असलेलं जेल घ्यायचं. इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, ती गर्भपात करत नाही, बीज बाहेर पडणं लांबवते, आणि ती दर वीकेंडची सोय नव्हे. आजारांपासून तर ती वाचवतच नाही.

आणि तरीही गर्भ राहिलाच तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेलं नसलं तरी कायदेशीर गर्भपात करता येतो, १८ पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची सही लागते, आईवडिलांची नाही, बॉयफ्रेंडची तर नाहीच, आणि डॉक्टरने नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. कोणी नवऱ्याची सही मागत असेल तर दुसरा डॉक्टर शोधा.

फोटो-व्हिडिओ मात्र काढू नका असं मी म्हणेन, म्हातारी म्हणा हवं तर. काढायला हो म्हटलं होतं म्हणून पुढे पाठवायला हो होत नाही, न विचारता पाठवणं गुन्हा आहे. पण पोलीस स्टेशनला जायची वेळ येईपर्यंत ते सतरा ग्रुपवर गेलेलं असतं.

जुना अनुभव त्रास देत असेल, घाबरायला होत असेल, झोप जात असेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ‘नको’च ठरलं तर

तर नको. महिनाभर नको, वर्षभर नको, लग्नापर्यंत नको, कधीच नको, यातलं कुठलंही चालतं आणि त्याला मागासलेलं म्हणणारा मुलगा किंवा मुलगी तुमची घाई नाही, स्वतःची घाई सांगत असते. समोरच्यालाही मग त्या नात्यात राहायचं की नाही हे ठरवायचा हक्क आहे, हे कडू आहे पण खरंय. फक्त ‘प्रेम असेल तर करशील’ हे वाक्य ऐकू आलं तर त्याला आग्रह समजू नका, तो दबाव आहे.

नागावला काय झालं ते मी विचारलं नाही. रविवारी रात्री तिचा मेसेज आला, उकडीचे मोदक मस्त होते, समुद्रात चप्पल वाहून गेली, आणि खाली अजून एक ओळ: “ताई, आईने विचारलं तर सांग ना तू पण आमच्याबरोबर होतीस.”